जालीमची कुळी

अस्वल झोपेत पंजा चोखते हे तुमाले माहीत नसन. पंजा तोंडात धरते आन गूं गूं गूं असा आवाज काढते. जात्यावर दळनारी बाई तोंडातल्या तोंडात गानं म्हनते ना, तसा. त्याच आवाजात मी लहानाचा मोठा झालो. दुसऱ्याच्या घरी पोट्ट्याले निजवाले आजी राह्यते, आमच्या बैलबंडीखाली अस्वल होतं. हे सारं माया नातू लिहून राह्यला, कारन मले लिहिता येत नाही. तो म्हने, आजा, जन्मापासून सुरुवात कर. म्या म्हनलं, बाबू, जन्माच्या टायमाले मी हजर होतो, पन ध्यान नव्हतं. तू अस्वलापासूनच लिव.

माया बापाचा जनावराइचा तंबू होता. वाघ एक, अस्वल एक, चावनारा उंट एक, झोपनारा अजगर एक, माकडं लय, आन मी. लोकं मले जनावरातच धरत, आन त्याइचं काही चुकत नव्हतं. वाशीमचा बाजार, मालेगावचा बैलबाजार, मोगलाईच्या हद्दीवरचे उरूस, असे आमी बंड्या जुंपून फिरत जावो. जिथं तंबू ठोकला तिथं घर. माय तीन गोटे मांडे आन ज्वारीची भाकर थापे. अंगोदर वाघाची चूल पेटे, मंग आमची. वाघाचे दात झिजले होते, म्हनून माय त्याचं मटन उकडून मऊ करून दे. अस्वलाले गुळाचा खडा घालून भाकर. आमाले आंबाडीची भाजी आन ठेचा. ठेचा खाताखाता माया डोयातून पानी आलं की माय म्हने, "रडतं कायले रे, वाघानं तुया वाटचं खाल्लं म्हनून?" खरंच वाघाच्या वाटचं मले कधी भेटलं नाही. भेटलं ते वाघाचं खानदान, आन ते म्या कसं खर्चलं तेच सांगाचं आहे.

बापाचं नाव सापडू. लोक सापडूशेट म्हनत. हे नाव काही मायबापानं ठेवेल नव्हतं. मोठा दुकाळ पडला होता, मानसं झाडाची सालं खात होती, तवा एक अस्वलवाला उस्ताद या भागातून जाऊन राह्यला होता. त्याले रिठद गावच्या शिवारात चिंचेखाली, ढोराइच्या पानी प्यायच्या दगडी कुंडाजवळ हे पोरगं भेटलं. उस्ताद मुसलमान. पोरगं कोनाचं, कोन्त्या देवाचं, काही मालूम नाही. म्हनून त्यानं ना रामाचं नाव ठेवलं, ना रहीमचं. सापडलं, म्हनून सापडू. पुढं अस्वल, बंडी, तंबू, सारं त्यालेच देऊन उस्ताद मेला. बाप शुक्रवारी दर्ग्यावर ऊद जाळे आन शनिवारी मारोतीले तेल वाही, दोघाइलेबी राग येऊ नये म्हनून. त्याले लहानपनचं एकच ध्यानात होतं. त्या कुंडाचा एक कोपरा फुटेल होता, आन त्या फुटक्या जागी हात ठेवून तो बसे.

माय मात्र लोहाराची. तिचे मायबाप मेले, काकाले ती जड झाली, म्हनून उस्तादाच्या पोऱ्याले देऊन टाकली. मायची कुळी सांगता येत होती. बापापाशी आलं की गाडी अडे.

आता माया धंदा. मी जोकर. तोंडाले चुना, नाकाले कुंकू, डोक्यावर टोपल्याचा तुकडा. मी लोकाइची नक्कल करो. पाटील कसा चालते, मास्तर कसा शिंकते, तमाखू खानारी बुढी कशी बोलते. पन मोठं काम वेगळं होतं. आमच्या तंबूत एक रीत होती, पिंजऱ्यावरचा पडदा ओढाच्या अंगोदर जनावराची कुळी सांगाची. उस्तादाच्या काळापासूनची रीत. उस्ताद म्हने, नुसता वाघ पाहून लोक घरी जाते, खानदानी वाघ पाहून परत येते. कुळी मी बनवली होती, माया अकलेनं, म्हनून ती एवढी भिकार होती. मी ढोलकं वाजवो आन बोंबलो:

"आइका हो आइका! हा जालीम! जालीमचा बाप हिंमत, नरनाळ्याच्या किल्ल्याखालचा! हिंमतचा बाप दौलत, ज्याच्या डरकाळीनं किल्ल्याचा बुरूज पडला! दौलतचा बाप रुस्तम, ज्यानं एका थापडीत..."

इथं मी थांबो, आन सारे लोक माया संगं वरडत, "रेडा पाडला!" पोट्टे तं साऱ्यात जोरानं. मंग पडदा सरके, आन जालीम जांभई दे. खरं सांगू का? जालीम आमच्याच बंडीत जन्मला होता, त्याची माय माया मायनं चमच्यानं दूध पाजून वाढवेल, आन तो बकरीले भे.

मायी मोठी बहीन कौतिका. मी तिले बाई म्हनो. जनावरं तिचीच ऐकत. उंट साऱ्याइले चावे, तिले नाही. मालेगावात भिकाजी लोहार होता, आमच्या पिंजऱ्याच्या सळया तोच सांधे. मायच्या लांबच्या नात्यातला, आमी मामा म्हनो. त्याचा पोरगा श्यामू. पिंजरा दुरुस्तीले गेला की बाई भाता ओढाले बसे, आन श्यामू एका सळईले एवढा वेळ लावे की तेवढ्यात नांगर झाला असता. एकदा त्यानं तिले लोखंडी चिमटा करून देल्ला, मुठीवर मोराची मान काढेल. माय म्हने, "वा! वाघाची चूल फुकनारीले मोराचा चिमटा!" बाईनं तो पदराखाली लपवला. लोखंडाचा चिमटा लपते का कुठं? चालली की बांगड्यावर खनखन वाजे.

भिकाजीमामानं स्वताहून मागनं घातलं. पन त्याचे जातभाई अडून बसले. म्हने पोरीची माय आपली, ठीक आहे, पन बापाची कुळी काय? पाच मानसाइसमोर पोरीच्या बापानं उठून सांगाव, मूळ गाव कोन्तं, आज्याचं नाव काय, पनज्याचं काय. ही त्याइची रीत. मायनं मले जवळ बसवलं आन म्हने, "नथ्थू, तुले तोंड आहे, कोनालेबी बोलतं करतं. रिठदले जाय. दुकाळात कोनाचं लेकरू हारपलं होतं का, अस्वलवाल्यासंगं गेलं होतं का, इचारून ये. बाईचं नशीब तुया हातात देऊन राह्यली मी." आता सांगा, जिचं डोकं जाग्यावर आहे ती बाई पोरीचं नशीब जोकराच्या हातात देईन का? पन माय होती ना, तिले मी मानूस दिसे.

गेलो रिठदले. चावडीसमोर पोचलो नाही तं लोकाइनं वयखलं, "अरे, हा तं तंबूतला जोकर!" झालं. मले जर कोनी म्हनलं, करून दाखव, तं मी मयतीतबी करून दाखवो. पाटलाची चाल केली. वाघ केला. सारे पोट धरून हासून राह्यले. तेवढ्यात एक बुढी काठी टेकत आली. कंबरेतून वाकेल, दर दोन शब्दाले खोकला. इचारते, "कोनाले हुडकून राह्यला रे बापू?" आता इथं जर म्या हात जोडून नीट सांगितलं असतं! म्या म्हनलं, "माया बापाचा बाप हारपला वं आजी, तुमच्या गावात कोनाले सापडला का?" पुन्हा हासनं. बुढी हासली नाही. जवळ आली. म्हने, "लेकरू... अस्वलवाल्यानं नेलं होतं का रे?"

आन मी वाकलो. कंबरेवर हात ठेवला, हातातली वाटेची काठी टेकली, खोकलो, आन तिच्याच आवाजात म्हनलं, "लेकरू... अस्वलवाल्यानं नेलं होतं का रे?" एवढं हासनं मले उभ्या जन्मात भेटलं नाही. चावडीवरचे कुत्रे पळून गेले. बुढी उभी राह्यली, पदर सारखा केला, आन गेली. मले ती जातानी दिसली. दिसली नाही म्हनाले मी तयार नाही. पन कानात हासनं भरून राह्यलं होतं, आन एकानं गरम भज्याचा पुडा हातात देल्ला. भजे खाल्ले आन घरी आलो. मायले म्हनलं, "काही लागलं नाही." बाई पिंजरा झाडून राह्यली होती. तिनं झाडू थांबवला नाही, पन चिमट्याचा आवाज त्या दिवशी पुन्हा आला नाही.

भिकाजीमामाच्या वसरीत पाच मानसं बसली. सतरंजी, गूळपानी, पानाचं तबक. मंधात एक बुढे तात्या, पांढऱ्या मिशाचे. बाया आतून पाहून राह्यल्या, दारात पोट्टे कोंबेल. बाई आतमधी नवं लुगडं नेसून. बाप उठला. धुतलेलं धोतर, डोक्यावर उस्तादाचा जुना फेटा.

तात्यानं इचारलं, "हं, सापडूशेट. मूळ गाव सांगा. आज्याचं नाव सांगा."

बापानं घसा खाकरला. म्हने, "मी..." आन थांबला. भुईकडे पाहून राह्यला. मले वाटलं, अडला. बापाची इज्जत जाऊन राह्यली, आन मी, ज्यानं त्या गावात जाऊन भजे खाल्ले, तो चूप बसून राह्यलो! मी फटकन उठलो. ना इचार, ना काही. म्हनलं, "तात्या, आमचा बाप लाजरा आहे, मी सांगतो. आमी नरनाळ्याकडचे. माया आजा हिंमतराव."

"बरं. त्याचा बाप?"

"दौलतराव." मंग आठवलं काही नाही, तं तोंड आपलं आपलं चालू लागलं. रोज ज्या रस्त्यानं जाते त्याच रस्त्यानं. आवाजबी तंबूतला लागला, हातबी वर गेला. "ज्याच्या नावानं किल्ल्याचा बुरूज हाले! आन दौलतरावचा बाप रुस्तमराव, ज्यानं एका थापडीत..."

अन् दारातले पोट्टे एका सुरात वरडले, "रेडा पाडला!"

चार दिवस अंगोदरच आमी मालेगावच्या बैलबाजारात खेळ केला होता. अर्ध्या बाया आतून फुटल्या. पानाचं तबक कोनाच्या तरी गुडघ्यानं उलटं झालं. तात्याच्या मिशा हालून राह्यल्या, हासून का रागानं, कळे ना. मंग ते उठले, काठी घेतली, म्हने, "भिकाजी, आमी पोरीची सोयरीक पाहाले आलो होतो गा. वाघिनीची नाही." हासनं आतमधीबी झालं, पन बाईचा आवाज त्याच्यात नव्हता. तिचा आवाज मी हजारात वयखीन.

सारे गेले तं भिकाजीमामा भट्टीपाशी बापाले म्हने, "सापडू, तुले काय सांगितलं होतं म्या? उठून सरळ म्हन, मी दुकाळातलं लेकरू, मायबाप मले माहीत नाही. मंग मी उठतो, भावकीच्या पाया पडतो, लेकरू पदरात घ्या म्हनतो. तात्या मानले होते, येड्या! तयार होते!"

बाप म्हने, "मी तेच सांगाले उठलो होतो."

माया पायाखालची जमीन सरकली नाही, तिथंच राह्यली. सरकली असती तं बरं झालं असतं. बाप अडला नव्हता. बाप उभ्या आयुष्यात पहिल्यांदा चारचौघात आपली खरी गोष्ट सांगून राह्यला होता, आन त्याले जरासा दम लागला होता, बस. मामा माह्याकडे न पाहता म्हने, "आता खरं सांगितलं तरी ते खेळच वाटन. आता एकच. एक तरी जितं मानूस घेऊन ये, जे म्हनन हे आमच्या घरचं लेकरू. तेवढं आनलं तं भावकीले मी पाहून घेतो."

रिठदच्या वाटेवर म्या बापाले बुढीचं सांगितलं. खोकल्यासगट नाही. खोकला गाळून सांगितलं, पन बाप जोकराचाच बाप होता, त्याले गाळलेलं दिसलं. म्हने, "मंग तू काय केलं?" म्या सांगितलं. तो रस्त्यात उभा राह्यला. मले वाटलं, मारन. म्या गालबी पुढं केला. तो म्हने, "चाल. उन्ह होऊन राह्यलं."

गावाबाहेर चिंच होती. खाली दगडी कुंड, आन त्याचा एक कोपरा फुटेल. बापानं त्या जागी हात ठेवला. हात आता मोठा झाला होता, मावला नाही. म्या इचारलं, "हेच का बा?" तो म्हने, "साऱ्या गावात कुंड राह्यते. साऱ्याइचं कुठी ना कुठी फुटते." पन हात लवकर उचलला नाही.

बुढीचं घर लोकाइनं दाखवलं. ती चुलीपाशी. मले पाह्यलं आन म्हने, "हा तोच ना?"

बाप म्हने, "माय, हे मायं पोट्टं. चुकलं त्याचं. पाया पड रे."

मी पडलो. बुढी म्हने, "ऊठ. कर आता खोकला. तवा बरा जमला होता तुले." म्या हात जोडले. त्या दिवशी पहिल्यांदा कोनी कर म्हनलं आन म्या केलं नाही.

बाप म्हने, "माय, अस्वलवाल्यानं नेलेलं लेकरू मी आहो. कोनाचा, तेवढं सांगता का? मायी पोरगी अडून राह्यली."

बुढीनं त्याले दाराच्या उजेडात बसवलं. हनुवटी धरून तोंड इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. कानामांगं बोट फिरवलं. लय वेळ. तिच्या डोयाले पानी लागलं. चूलबी धुपून राह्यली होती, म्हनून काही म्हनता येत नाही. मंग हात काढून घेतला.

"नाही. हा तो नाही."

"बराबर पाह्यलं ना माय?"

"पाह्यलं. माया जावेचं लेकरू होतं ते. जाऊ मेली, घरात दाना नव्हता. मीच नेऊन देल्लं त्याले अस्वलवाल्याच्या हातात, या हातानं. मले नाही कळन का?" मंग खोकला आला, लांब. तो थांबेपर्यंत मी भिंतीकडे पाहून राह्यलो. "आता आलेच आहा तं भाकर खाऊन जा."

वाढलं तिनं. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी. बापानं खाल्लं. निघतानी उरलेली भाकर तिनं फडक्यात बांधली आन बापाच्या हातात देल्ली. बापानं पायाले हात लावला तं तिनं त्याच्या डोक्यावरचा फेटा सारखा केला. दोन्ही हातानं. माह्याकडं तिनं पाह्यलंबी नाही.

वापस येतानी बाप म्हने, "भाकर चांगली होती." बस, एवढंच. त्या दिवसापासून मी याच्यातच आहो. ती खरं बोलली का? उस्ताद म्हने लेकरू चिंचेखाली सापडलं, ती म्हने हातात देल्लं. का गावासमोर जिची चेष्टा झाली त्या बुढीनं माया तोंडावर दार लावलं? का लेकरू देऊन टाकल्याची तिलेच लाज होती? म्या अंगोदरच्या टायमाले हात जोडून इचारलं असतं आन तिनं नाही म्हनलं असतं, तं ते नाही म्हनजे नाहीच राह्यलं असतं. आता ते कशाचं आहे, कोनाले मालूम? बापाची कुळी तिच्या खोकल्यात राह्यली, आन तो खोकला माया आवाजात निघाला होता.

सोयरीक मोडली. श्यामूचं दुसरीकडं लगन झालं. भिकाजीमामा सळया सांधून देत जाय, पन बापासंगं चिलीम ओढाचं त्यानं सोडलं. पुढच्या बाजारात म्या बापाले म्हनलं, जालीमची कुळी बंद करतो. तो म्हने, "कायले? लोकाइले आवडते. सांग." म्या सांगितली. लोक "रेडा पाडला" म्हनून वरडले. तेवढा वेळ बाप तंबूच्या बाहेर उंटाजवळ जाऊन उभा राह्यला. तंबू होता तवरक तो दर खेळाले तसाच बाहेर जाय. दुसऱ्या लोकाइले वाटे, तिकिटवाले पाहाले गेला.

बाईले पुढं कारंज्याकडं देल्ली, पोक्त मानसाले, बायको मेलेला, दोन पोरं असलेला. तिथं कोनी कुळी इचारली नाही, कारन तिथं पोरं सांभाळनारी पाह्यजे होती. तिनं त्याइचं सारं केलं. मले एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तं मी एखादी नक्कल करून सुटलो असतो.

परवाच्या साली तिच्याकडं गेलो. दोघंही म्हातारे, दोघाइलेबी कमी ऐकू येते, म्हनून बोलनं लय चांगलं जमते. बाई चुलीपाशी बसली होती, हातात तोच मोराच्या मानेचा चिमटा, मान झिजून आता कोंबडीची झाली. तिचा नातू आला, एवढासा, आन माह्यासमोर उभा राहून बोंबलला, "मामाआजा, पाहा मले येते! जालीमचा बाप हिंमत, नरनाळ्याच्या किल्ल्याखालचा! हिंमतचा बाप दौलत!" सारी कुळी, एक नाव इकडचं तिकडं नाही. रुस्तमपर्यंत आला, माह्याकडं पाहून थांबला. मी संगं वरडलो नाही, तं त्यानं एकट्यानंच रेडा पाडला.

म्या इचारलं, "कोनं शिकवलं रे तुले?"

"आजीनं. निजवतानी सांगते." मंग जवळ येऊन म्हने, "आपन त्याइच्यातले ना? आजीचा आजा खरंच वाघ होता ना?"

म्या बाईकडं पाह्यलं. ती भाकर शेकून राह्यली होती. म्हने, "मले काय इचारतं? मामाआजाले इचार. खानदान त्यालेच मालूम."

पोट्टं वाट पाहून राह्यलं. इतक्या वर्षात पहिल्यांदा मले कोनी आमच्या बापाचं खरं इचारलं होतं. म्या तोंड उघडलं. रिठद म्हनाव, चिंच म्हनाव, फुटका कोपरा म्हनाव, असं होतं तोंडात. आन म्या काय केलं? दोन्ही हात भुईवर टेकले, गुडघ्यावर आलो आन डरकाळी फोडली. पोट्टं खदखदा हासत बाहेर पळालं.

मी तसाच राह्यलो. गुडघे धरले होते, उठता येई ना. हासनारं कोनी उरलं नव्हतं, तरी मी चार पायावर. बाईनं भाकर उतरवली, चिमटा चुलीच्या काठावर ठेवला, आन कंबर धरत धरत माह्यापाशी आली. हात पुढं केला.

"ऊठ, जालीम," म्हने. "जेवून घे."

तीबी हासली नाही.